रत्नागिरीत शिकणाऱ्या मुलांसाठी डबा: मारुती मंदिरजवळच्या काकूंच्या खानावळीचा आमचा अनुभव

मुलगी गेल्या वर्षी जूनमध्ये अकरावी सायन्सला रत्नागिरीत आली. आम्ही लांज्याच्या पुढे आत गावात राहतो, रोज एसटीने येणंजाणं जमण्यातलं नव्हतं म्हणून मारुती मंदिरजवळ आणखी दोन मुलींबरोबर खोली घेऊन दिली. जेवणासाठी आधी एक मेस लावली होती, नाव टाकत नाही. भाताचा हा एवढा ढीग, वरून पातळ आमटी, आठवड्यातले चार दिवस बटाट्याची भाजी, पापड, लोणचं. पोट भरायचं हो, त्यामुळे तक्रार करावी असं ना तिला वाटलं ना मला. दिवाळीला घरी आली तर जिना चढताना धाप, कंगव्यात केसांचे पुंजके, सारखी झोप. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.१. मुलींचं १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, जेवते काय? मी म्हटलं मेसमध्ये पोटभर जेवते. ते म्हणाले, पोटभर ठीक आहे ताई, पण ताटात काय काय असतं? मला नीट सांगता येईना, आणि त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

मग शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या आईकडून या काकूंचं कळलं. बाहेर पाटीबिटी नाही, घरातच काकू आणि त्यांच्या जाऊबाई मिळून पंचवीसेक डबे करतात. पैसे भरायच्या आधी मी सकाळी साडेसातलाच जाऊन उभी राहिले, म्हटलं काय शिजतंय ते डोळ्यांनी बघते. ओट्यावर डबे उघडे मांडलेले, भाताला एक ठरलेला पेला, तो सपाट भरून ओतायचा. एक मुलगा कबड्डी खेळतो त्याला दीड पेला, पण त्याच्या डब्यात उसळही दीडपट. मी विचारलं हे मोजमाप कशाला, तर म्हणाल्या, "डब्यात पांढरं एकच घालायचं गो. भात असला तर बटाटा नाही." एवढं साधं वाक्य, पण माझ्या तर डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण आधीच्या मेसमध्ये नेमकं तेच चुकत होतं, भात आणि बटाटा, दोन्ही एकाच जातीचं, नुसतं पिष्टमय.

घरी येऊन मी थोडं वाचलंही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्यात, त्यात दिवसभराच्या उष्मांकातला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवा म्हटलंय, आणि आपल्याकडे तो ५० ते ७० टक्के असतो. ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळं, उरलेल्या निम्म्यात धान्य, डाळी, अंडी-मासे, दूधदही, दाणे. आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलीला दिवसाला ४६ ग्रॅम प्रोटीन, ३२ मिलिग्रॅम लोह, १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. लोहाचा आकडा बघून मी गप्पच झाले, त्याच वयाच्या मुलाला २६ सांगितलंय, म्हणजे मुलींना जास्त, आणि आपल्याकडे मासळीची तुकडी आधी मुलाच्या ताटात जाते.

आता डब्यात काय येतं ते सांगते. कुळीथ आठवड्यातून एकदा तरी असतोच, आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधलेला, मोड चांगले बोटाच्या पेराएवढे, उसळीत ओलं खोबरं बेताचं. कुळथात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं आणि आपण त्याची पिठी करून फक्त आजारपणात खातो. बाकी वाल, मसूर, चवळी आलटून पालटून, मंगळवारी अंडाकरी. बुधवारी आणि शुक्रवारी मासे, महागडे नाहीत, बांगडा नाहीतर तारली, मिरकरवाडा बंदरावरून सकाळीच आणतात. तारली बारीक असली की मंद आचेवर तिरफळ घालून एवढी शिजवतात की काटा मऊ पडतो आणि चावून खाता येतो, कॅल्शियम तर त्या काट्यातच असतं. शाकाहारी मुलांना त्या दिवशी पनीर किंवा डबल उसळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा, सोडे आणि जास्तीचं एक दिवस अंडं.

पालेभाजी रोज. लाल माठ, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला, आणि आता पावसात टाकळा. माझी मुलगी घरी टाकळ्याला तोंड लावायची नाही, इथे मूगडाळ घालून केलेला मुकाट्याने खाते, मैत्रिणी खातात म्हणून असेल. भाजीच्या खणात रोज लिंबाची फोड असते, ती शोभेची नाही, लिंबू पिळलं की पाल्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. आणि काकूंनी सगळ्या पोरींना बजावलंय, जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, तासभर थांबायचं, चहाने लोह कमी शोषलं जातं. हे मी ओरडून सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, काकूंचं ऐकते.

कमी पडतं ते पण लिहिते. फळं फारच कमी, आठवड्याला दोन केळी, बस. आम्ही गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर पपई, पेरू, चिकू पाठवतो, पण ज्यांचं गाव लांब त्यांनी काय करायचं? दह्याची वाटी बारीक आहे, तेवढ्यात १०५० मिलिग्रॅम काही होत नाही, म्हणून खोलीवर दूध वेगळं लावलंय. नाचणीची भाकरी आठवड्यातून दोनदाच देतात, मी म्हटलं चारदा करा ना, नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तर जाऊबाई म्हणाल्या पंचवीस डब्यांच्या भाकऱ्या थापायला पहाटे चारला उठावं लागतं ताई. त्यावर मी काय बोलणार. रविवारी रात्री बंद असतं आणि मग पोरं चायनीजच्या गाडीवर जातात. जोराचा पाऊस असला की डबा तास-तास उशिरा येतो, आणि झाकणातून आमटी दोनदा सांडली, एकदा तर प्रॅक्टिकलची वही भिजली. झाकणाचं सांगितल्यावर नवीन डबा घेतला त्यांनी.

दोन वेळचे महिन्याला ३४०० घेतात, आधीच्या मेसपेक्षा ५०० जास्त. आम्हाला ते पाचशे सोपे नाहीत पण मी दुसरीकडून कमी करते, इथून नाही. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ११.३ आलं, जूनमध्ये १२.२. गोळ्या चालू होत्या, त्यामुळे सगळं श्रेय डब्याला देत नाही, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्यानंतर आता दिवाळीला परत तपासणार आहोत. पण मे महिन्यात घरी आली तेव्हा विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन चढण चढली आणि मधे कुठे थांबली नाही, मी मागून बघत होते.

चौकशीला जाणार असाल तर सकाळी दहानंतर जा, त्याआधी दोघींना मान वर करायला वेळ नसतो. आणि मुलाला काय चालत नाही, उपवास कुठला, कोणता मासा अंगावर उठतो, ते कागदावर लिहून न्या, काकू तो कागद फ्रीजवर चिकटवून ठेवतात आणि रोज डबा भरताना बघतात.