घर विकणाऱ्यानं लपवलेली भेग : दर्यापूरकडे घर घेणाऱ्यांनी वाचावं

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही एप्रिलमध्ये जुनं घर घेतलं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहिला. ती नुसती कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून वकिलाकडून सर्च रिपोर्टही काढला. बोजा नाही, गहाण नाही, बहिणींच्या हिश्श्याचा वाद नाही. फसवणूक निघाली ती भिंतीत.

"काकाजी, घर खनखन हाये, तुमाले खिळा ठोकाचंही काम नाही," असं विकणारा सगळ्यांदेखत म्हणाला होता. नवा डिस्टेंपर मारलेला. मागच्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं, ते खरेदी झाल्यावर नेतो म्हणाला.

जुलैत पाऊस लागला आणि दार चौकटीत अडकायला लागलं. कपाट होतं तिथंच तिरपी भेग उलली, बोट जाईल एवढी. मिस्त्रीनं थापीच्या टोकानं रंग खरवडला. आधी पांढरं सिमेंट निघालं, त्याखाली पुट्टी, त्याखाली जुनं काळं सिमेंट. मिस्त्री म्हणाला, "हे तं मीच भरलं होतं मांगच्या दिवाळीले." पाया काळ्या मातीतच थांबवलेला, खाली मुरमाची भरण नाही, प्लिंथ बीम (पायावर, भिंतीखाली घालतात ती सळ्यांची काँक्रीट पट्टी) नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. अशा पायावरची भिंत कितीही बुजवा, ती पुन्हा उलणारच. हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच कपाट तिथं होतं. लेकराबाळांच्या घरात असं करवतं तरी कसं?

विचारायला गेलो तर त्यानं खरेदीखतातली ओळ दाखवली : 'मिळकत प्रत्यक्ष पाहून, जशी आहे तशी खरेदी केली.' ही ओळ बहुतेक खतांत छापील असल्यासारखी येते. 'निर्वेध व निजोखमी' हे शब्द मालकी आणि बोजापुरते; भिंत, छत, नाल्याचं पाणी यांबद्दल खत काहीच बोलत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत विकणाऱ्याला घरातले दोष फॉर्मवर लिहून द्यावे लागतात. आपल्याकडे तसा फॉर्म नाही, पण कायदा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ : विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा मोठा दोष त्यानं सांगितलाच पाहिजे, न सांगणं ही कायद्यानं फसवणूकच. मात्र करारात वेगळं ठरलं असेल तर हे कलम तोकडं पडू शकतं, म्हणून ती 'जशी आहे तशी' ओळ वकिलाला दाखवून काढायला लावा. त्याऐवजी इसारपत्रातच लिहून घ्या : भेगा कुठं होत्या, कधी, कोणाकडून बुजवल्या, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्याला इसार देऊ नका. कपाटं, फडताळं सरकवून पाहा आणि गावातल्या मिस्त्रीला आधीच गाठा.

आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. मिस्त्री साक्ष द्यायला तयार आहे.