वेंगुर्ल्यात वर्षभर राहिल्यावर

डिसेंबरात वेंगुर्ल्याला फिरून गेलेली माणसं फोन करून विचारतात, "तिकडे घर घेऊया का?" मी त्यांना उलट विचारते, जुलैत आला होतात का? एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये लाल माती, कौलारू घरं आणि लख्ख ऊन, हे सगळं खरं आहे. फक्त ते आठ महिन्यांपुरतं खरं आहे.

आम्ही दोघं ठाण्याहून आलो त्याला वर्ष उलटून गेलं. कामं लॅपटॉपवरची, मुलगी शिकायला बाहेरगावी, म्हणून हलणं जमलं. घर भाड्याचं. चिऱ्याच्या भिंती, पुढे खळं म्हणजे सारवलेलं अंगण, मागे विहीर आणि थोडे माड.

इथलं ऊन हे नुसतं बसून बघायचं ऊन नाही, त्याला कामं असतात. थंडीत सकाळी वारा घाटाकडून येतो, कोरडा आणि गार. दुपारच्या सुमाराला तो पडतो, थोडा वेळ पानसुद्धा हलत नाही, आणि मग समुद्रावरून सुरू होतो. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे घोकले होते. आता कुठल्या खिडक्या कधी उघडायच्या ते त्यावर ठरतं. पारा चाळिशीला क्वचितच टेकतो, पण मे महिन्यात घाम अंगावर वाळतच नाही. पंख्याखाली बसूनही चिकचिक.

मार्चपासून खळ्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. आधी काजूबिया, मग फणसाची साठं, मिरच्या, आणि शेवटी रतांबे, म्हणजे कोकमाची फळं. आमसुलं करताना रतांब्याची सालं त्यांच्याच रसात मीठ घालून भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा त्याच रसात बुडवायची. असं बऱ्याच वेळा केल्यावर ती काळपट होतात. शेजारच्या काकींनी आमचं निम्मं खळं न विचारताच घेतलं. वळवाची चाहूल लागली की कुंपणापलीकडून हाक येते, "भायर ये गो, ढग इले!" मीटिंग चालू असली तरी उठावं लागतं. वाळवण भिजलं तर वर्षाचं सार गेलं. काजूचं तर इथे शास्त्रच आहे. फळ संशोधन केंद्र 1957 पासून आहे, आणि 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' या जाती तिथल्याच. परसातलं झाड कुठल्या नंबरचं, हे शेजारची पोरंसुद्धा सांगतात.

आता पावसाचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. वर घाटात आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त, पण त्याने आपल्या भिंती कोरड्या होत नाहीत. मुंबईच्या पावसाची सवय आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच की मुंबईत आपण चौथ्या मजल्यावर असतो. इथे जांभा चिरा पाणी पितो. पडवीला बाहेरून प्लास्टिक बांधलं तरी झड आत येतेच. नवऱ्याच्या चामडी पट्ट्याला पांढरी बुरशी, मीठ पाझरलेलं, पुस्तकांना वास. कपाटात कपड्यांखाली एक लहान बल्ब चालू ठेवायचा, ही युक्ती काकींची, आणि ती लागू पडली. वाऱ्याने माडाचं झावळ तारांवर पडलं की वीज गेली. लाइनमन बिचारे त्याच पावसात खांबावर चढतात. घरून काम करणार असाल तर इन्व्हर्टर चांगल्या बॅटरीचा घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे जेवणात सुका बांगडा आणि सुकट. सुरुवातीला नाक मुरडणारा माझा नवरा आता सुकटीच्या चटणीवर भाकरी जास्त खातो. हंगामात मात्र चैन असते. किनाऱ्यावर रापण ओढताना एकदा तरी बघाच: होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकून दोन्ही टोकं माणसं वाळूवरून खेचतात. हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. पण पूर्वीसारखी मासळी लागत नाही, हेही तिथेच ऐकायला मिळेल, आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवरचा, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरचा रागही.

गावाची स्वच्छता खरोखर वाखाणण्यासारखी. नगरपरिषदेने कचऱ्याचं 27 प्रकारांत वर्गीकरण करून दाखवलं आणि जुन्या डंपिंग ग्राउंडचं पर्यटनस्थळ केलं, हे पेपरात वाचलं होतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की ओला-सुका एकत्र दिलात तर गाडीवरची बाई सगळ्यांसमोर सुनावते.

दवाखान्याचं मात्र नीट विचार करून ठरवा. साध्या दुखण्याला गावात डॉक्टर आहेत. मोठं काही निघालं तर माणसं ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नाहीतर थेट गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला धाव घेतात. घरात हृदयाचा पेशंट असेल तर मी इथे या असं म्हणणार नाही. रेल्वे गावात नाही, कुडाळ किंवा सावंतवाडी गाठावी लागते. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, तरी तिकीट काढण्याआधी विमान त्या दिवशी आहे का ते बघा. गोव्यातलं मोपा विमानतळ जास्त भरवशाचं.

एकटं वाटेल का, असंही विचारतात. इथे ती सोयच नाही. आज भाजी काय, पाहुणे कोण, लाइट बिल किती, सगळं विचारलं जातं. जत्रांच्या दिवसांत दशावतार रात्रभर चालतो, आणि दुसऱ्या दिवशी झोपलात तर कोणी नावं ठेवत नाही.

माकडांमुळे परसात पपई, केळी लावायचं विसरा.

घर बघायचंच असेल तर आषाढात या. वाशांना बोट लावून बघा, भिंतीला पाठ टेकून बसा, विहिरीचं पाणी कुठवर चढलंय आणि अंगणातलं पाणी कुठे जातंय ते पाहा. मालक आदल्या आठवड्यात भिंतींना रंग लावून ठेवत असेल तर का, ते शेजाऱ्यांना विचारा. आणि आधी विकत घेऊ नका, एक पावसाळा भाड्याने काढा.