गिटारचा खासगी क्लास : अकरा महिने, आणि दर तासातली पहिली वीस मिनिटं

यंदा सोसायटीच्या गणपतीत, कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, माझ्या गिटारची पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार तुटली. त्यानंतर जे झालं त्यामुळे जानेवारीपासून अर्धवट लिहून ठेवलेला हा अनुभव आज पुरा करते आहे. जानेवारीतला भाग खोडत नाही, कारण त्यातला हिशेब अजूनही खरा आहे.

जानेवारी

दसऱ्याला सुरुवात केली. वय बेचाळीस, गिटार यामाहा एफ३१०, क्लास पुण्यातच, सरांच्या घरी, आठवड्यातून एक तास. फी तासाला 800, म्हणजे महिन्याचे 3200. ग्रुप क्लास याच्या निम्म्यात मिळतो, पण तिथे दहा पोरांत मला कोण विचारणार, म्हणून खासगी. सरांनी तीस-पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि हॉटेलांत वाजवलंय. हात बघत राहावा असा.

तक्रार एकच, पण मोठी. तासातली पहिली वीस मिनिटं तारा लावण्यात जातात. सरांना ट्यूनर (तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र) चालत नाही, फोनवरचं अ‍ॅप उघडलं तर सर फोन उलटा ठेवायला सांगतात. स्वतः फक्त पाचवी तार लावून देतात. ती ए या स्वराला, 110 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 110 कंपनं. बाकीच्या पाच मी कानाने लावायच्या. सहावी तार पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या) दाबून पाचवीशी जुळवायची, पाचवी दाबून चौथी, चौथी दाबून तिसरी. दुसरीसाठी मात्र तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबायची, आणि मी दर वेळी पाचव्यावर जायचे. सर काही बोलत नाहीत. नुसतं म्हणतात, "आधी ऐका, मग खुंटी फिरवा."

तीन महिन्यांत बारा तास झाले. बारा गुणिले वीस, म्हणजे 240 मिनिटं, म्हणजे चार तास, म्हणजे 3200 रुपये. एका महिन्याची अख्खी फी मी खुंट्या पिळण्यात घालवली. क्लिपवाला ट्यूनर तीन-चारशेला मिळतो. घामाचा पैसा आहे, मला हे लागलं. सरांना विचारलंही, की हे घरी करून आले तर चालेल का? म्हणाले, "अजून नाही." या दोन शब्दांवर मी क्लास सोडायच्या बेतात होते.

मार्च

सोडला नाही, त्याचं कारण आई. आई तरुणपणी गाणं शिकली आहे. आता भजनी मंडळात गाते. घरी मी ई मेजर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले स्वर) वाजवत बसले होते, ती आतून म्हणाली, "गंधार चढा लागतोय गं." मी अ‍ॅप लावून पाहिलं, सगळ्या तारा हिरव्यात. तरी तिच्या समाधानासाठी तिसरी तार किंचित उतरवली. कॉर्ड एकदम गोड झाली, तंबोरा लागल्यासारखी. मग सी ही दुसरी कॉर्ड वाजवली तर तीच तिसरी तार खुपायला लागली.

हे घेऊन सरांकडे गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती वीस मिनिटं मला पुरली नाहीत. सर म्हणाले, "आईंचं बरोबर आहे. गिटारचंही बरोबर आहे." तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गंधार हा निसर्गाचा गंधार. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात. त्यातला गंधार निसर्गाच्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाने चढा असतो. ई कॉर्डमध्ये तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबतो तो गंधार, आणि तीच तार सीमध्ये मोकळी वाजते ती पंचम म्हणून. एकीला गोड केलं की दुसरी बिघडते. म्हणून फ्रेटवाल्या वाद्यावर थोडा थोडा बेसूर सगळ्या कॉर्ड्सना वाटून द्यायचा. हे मला कुठल्याच व्हिडिओत इतकं समोर वाजवून कळलं नव्हतं. तेव्हापासून तिसरी तार माझी दुखरी जागा आहे. मी ती नकळत उतरी लावते, कारण कान आईचा आहे, आणि सर दर वेळी ती तेवढी चढवतात.

आता

तर गणपतीतला तो दिवस. शेजारच्या मंडळाचे स्पीकर, पोरांचा गलका, आणि माझी पहिली तार लोंबतेय. तारांचा जादा सेट पिशवीत होता (हीही सरांचीच सक्ती, तेव्हा जास्तीचा खर्च वाटला होता). तार चढवली, फोन उघडला, तर काटा सैरभैर. त्याला स्पीकरचंच ऐकू येत होतं. क्लिपवाला ट्यूनर लाकडाची थरथर पकडतो, त्याला गोंगाटाने फरक पडत नाही, पण तो मी घेतलाच नव्हता.

मग कान गिटारच्या वरच्या कडेला लाकडावर घट्ट टेकवला. सरांनी हे एकदा पंखा जोरात सुरू असताना करायला लावलं होतं. बाहेरचा आवाज मागे गेला. दुसरी तार पाचव्या फ्रेटवर दाबली आणि नवी पहिली तार तिच्याबरोबर छेडली. वांव-वांव-वांव अशा लाटा गालाच्या हाडात लागत होत्या. दोन तारांत सेकंदाला जितक्या कंपनांचा फरक, तितक्या लाटा. खुंटी थोडी फिरवली, लाटा लांबल्या. अजून थोडी, एक लांब लाट, आणि मग सपाट. नवी तार ताणते आणि उतरते, म्हणून बोटाने उचलून तीन-चारदा ओढली, पुन्हा लावली. सात मिनिटं लागली. पोरांच्या दोन गाण्यांना साथ दिली आणि तार टिकली.

म्हणून 3200चा तो हिशेब खरा असला तरी ते पैसे वाया गेले असं आता म्हणत नाही.

बाकी तक्रारी तशाच आहेत. आपण गैरहजर राहिलो तर तास बुडतो, सरांचा कार्यक्रम असला तर तास पुढे ढकलला जातो, हे मला पटत नाही आणि तसं मी सांगितलंय. स्ट्रमिंगला (सगळ्या तारांवरून तालात हात फिरवण्याला) वेळ कमी मिळतो. एफची बॅरे (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायची कॉर्ड) अजून स्वच्छ येत नाही. महिन्याभरात चार गाणी वाजवायची असतील त्यांनी अशा क्लासला जाऊ नये, चिडचिड होईल. जमेला एक गोष्ट. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर आल्या होत्या, तेव्हा सरांनी ट्रस रॉड (गिटारच्या गळ्यातली सळई) पाव फेरा फिरवून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

दिवाळीपासून फी 900 होणार आहे. गणपतीनंतर मी पुन्हा विचारलं, घरून लावून आणू का? या वेळी हो म्हणाले. आता गिटार लावूनच नेते. सर बसल्याबसल्या ई वाजवायला सांगतात, मग सी, डोळे मिटून ऐकतात आणि खुंट्यांकडे हात नेतात. काल तिसऱ्या तारेला त्यांनी हात लावला नाही.