फिल्टर काढून बघायचं राहून गेलं

कॅमेऱ्याची दुसरी बॉडी घ्यायची, जुनी का होईना, हे भिगवणला नक्की झालं. कुंभारगावच्या नावेत बसले होते, समोर रोहित पक्ष्यांचा मोठा थवा आणि हातातल्या निकॉनच्या डी७२०० कॅमेऱ्यावर नेमकी जवळची लेन्स. लेन्स बदलेपर्यंत थवा उठला, आणि उघड्या बॉडीत उजनीच्या पाण्याचे दोन शिंतोडे उडाले ते वेगळेच. ताडोब्यात मे महिन्यात जिप्सीत बसून लेन्स बदलणं तर सेन्सरवर धूळ घेणंच. म्हणून एका बॉडीवर टेलिफोटो कायमची चढवायची, दुसरीवर जवळची लेन्स ठेवायची, असं ठरवलं.

निकॉनची डी५०० मनात होती. २०१६ साली आलेली, सेकंदाला १० फ्रेम, आणि लहान (क्रॉप) सेन्सरमुळे ५०० मिमीची लेन्स ७५० सारखी पोचते. शिवाय माझ्या डी७२०० ची बॅटरी तिला चालते. पण कंपनीने २०२२ मध्ये ती बंद केली, त्यामुळे जुन्या बाजाराशिवाय इलाज नव्हता. लेन्स २००-५०० मिमीची. मैत्रिणीची १५०-६०० मी वापरून पाहिली होती, पण त्या लेन्स लांब टोकाला एफ ६.३ वर येतात. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो, आणि पहाटेच्या उजेडात मला ५.६ हवं होतं.

दोन्ही वस्तू एकाच माणसाकडे मिळाल्या. चट्ट्यापट्ट्यांच्या चादरीवर ठेवून काढलेला फोटो, "डाग नाही, फंगस नाही, यूव्ही फिल्टर मोफत." दोन्हीचे मिळून १ लाख १० हजार. फोनवर आम्ही पाऊण तास बोललो, आणि त्यातला पैशांचा विषय जेमतेम पाच मिनिटं. भिगवणला पट्टकदंब किती आले, ताडोब्याला मोहर्ली गेटने जावं की कोलारा, तेलिया तलावावर सकाळचा उजेड कुठून पडतो, सगळं त्याला ठाऊक होतं. "ताई, मी माणूस बघून वस्तू देतो," म्हणाला. पहाटे चारला उठून पक्ष्यांमागे जाणारा माणूस आपल्यातलाच, असं माझ्या मनाने तिथेच धरलं.

तरी मी विचारायचं ते विचारलं होतं. शटर किती वापरलंय, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत? "बावीस हजार." पुरावा म्हणून त्याने एक फोटो पाठवला, तोही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो पाठवला की आतली माहिती पुसली जाते, डॉक्युमेंटमध्ये ती टिकते. इतकं नीट करणारा माणूस खोटं कशाला बोलेल? फोटोतली ही माहिती दाखवणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्राममध्ये मी फाइल उघडली, आकडा २२ हजारांच्या आसपासच होता. त्याच यादीत, दोन-चार ओळी वर, कॅमेऱ्याचा सिरियल नंबरही होता. तो मी टिपून घेतला नाही.

भेटलो स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात, संध्याकाळी सहाला. त्याला सातची बस गाठायची होती, माझं ताडोब्याचं बुकिंग तीन दिवसांवर आलं होतं. माझं कार्ड घालून मी समोरच्या एसटीच्या पाटीचे दहा-बारा फोटो काढले. स्क्रीनवर मधला भाग मोठा करून पाहिला, अक्षरं धारदार. डी५०० च्या मेनूत शटरचा आकडा कुठेच दिसत नाही, तो फोटो कंप्युटरवर उघडूनच काढावा लागतो, आणि लॅपटॉप मी घरी ठेवून आले होते. लेन्सवरचा फिल्टर काढून काच बघावी म्हणून फिरवायला गेले, तर तो म्हणाला, "राहू द्या ताई, घट्ट बसलाय. जोर लावाल तर आटे खराब होतील." मी हात काढला. मूळ बिल "गावी आहे, कुरिअर करतो." मी पैसे तिथेच बसून ट्रान्सफर केले.

ताडोब्यात पहिल्याच सकाळी तेलियावर वाघीण आणि तिचे दोन बछडे मिळाले. पाण्याच्या कडेने, सोनेरी उजेडात, चांगली वीस मिनिटं. मी दीडेकशे फ्रेम घेतल्या. गाइडदादा म्हणाले, "मॅडम, असं वर्षातून एखाद्या वेळी होतं." रात्री खोलीवर लॅपटॉप उघडला. उजवीकडचं गवत काडी-काडीनं सुटं, आणि डावीकडे सगळं दुधाळलेलं. वाघीण सगळ्या फ्रेममध्ये डावीकडे होती. फोकसच चुकत असेल तर डी५०० मध्ये तो सुधारायची सोय आहे, म्हणून रात्री अकरापर्यंत भिंतीवर वर्तमानपत्र लावून तेच करत बसले. मधला भाग सुधारला, डावी बाजू तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सफारीत शटर अडकलं आणि वरच्या पट्टीवर 'एर' ही बिघाडाची खूण लुकलुकायला लागली. उरलेली सफारी मी डी७२०० वर काढली.

पुण्यात आल्यावर आधी माझ्याच फोटोची माहिती उघडली. शटर १ लाख ८७ हजार. कंपनी या शटरची चाचणी २ लाखांपर्यंत घेते, म्हणजे ते जवळजवळ संपलेलं होतं. सिरियल नंबर त्याच्या फाइलमधल्याशी जुळत नव्हता. त्याने दाखवलेला आकडा खरा होता, पण दुसऱ्याच कॅमेऱ्याचा.

लेन्सचं कळलं सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथल्या माणसाने रबरी पट्टा लावून फिल्टर सोडवला. खाली लेन्सच्या ९५ मिमीच्या कडेला नखाएवढी चेप. लेन्स तोंडावर पडली होती, आतली एक काच मधल्या रेषेवरून सरकली होती, आणि कुणीतरी ती आधीच उघडून पाहिली होती. स्क्रूंची डोकी झिजलेली त्याने मला दाखवली. फिल्टर मोफत दिला नव्हता, चेपेवर झाकण म्हणून बसवला होता. दोन्हीच्या दुरुस्तीचा अंदाज मिळून ५२ हजार निघाला.

पोलीस ठाण्यात मी अर्ज दिला. हा तुमच्या दोघांतला व्यवहार आहे, असं आधी ऐकवलं गेलं. चुकीची फाइल, तिच्यातला नंबर, माझ्या फोटोतला नंबर आणि बँकेचा तपशील असे चार कागद पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक म्हणून नोंद व्हावी, असं मी लिहिलंय. व्हॉट्सॲपवरचं सगळं संभाषण मी जपून ठेवलं म्हणून हे शक्य झालं. तुम्ही काहीही विकत घेत असाल तर डिलीट करू नका.

आणि कुणी आज अशी खरेदी करायला निघालं असेल तर कृपा करून लॅपटॉप बरोबर न्या. पैसे देण्याआधी स्वतःच्या कार्डावर स्वतः काढलेला फोटो उघडा, आकडा बघा, नंबर बॉडीवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. लेन्स ५०० वर नेऊन, एफ ५.६ वर, वीस-पंचवीस मीटरवरच्या विटांच्या भिंतीचा फोटो घ्या आणि चारही कोपरे बघा. मधली पाटी मीही बघितली होती. फिल्टर निघत नसेल तर तिथून उठा, बस सुटली तरी चालेल.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका मैत्रिणीने मला जाहिरातीचा फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा. चादर तीच चट्ट्यापट्ट्यांची, वर २००-५००, आणि खाली लिहिलेलं, यूव्ही फिल्टर मोफत.