शेंगांचा कलर मीटरवर मोजून पैसे कापणाऱ्यापासून सावध राहा

उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा ज्यांच्या घरात अजून पडून आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण आमच्या कराड भागात येऊन गेलेला खरेदीदार आता पुढच्या तालुक्यांत फिरतोय असं कळलंय आणि त्याच्याकडे तेच मीटर आहे.

तो सांगतो की आम्ही शेंगा भाजून टरफलासकट पाकिटात विकतो, गिऱ्हाईकाला आधी टरफलच दिसतं, म्हणून आम्ही कलर मोजून रेट देतो. एवढं त्याचं बरोबर आहे. तेलवाल्याला किंवा दाणे करून विकणाऱ्याला टरफलाच्या रंगाशी काही घेणंदेणं नसतं, ते उतारा, म्हणजे शेंगेतून दाणे किंवा तेल किती निघतं ते बघतात, ओल बघतात, पण भाजक्या शेंगांच्या धंद्यात उजळ शेंगेला जास्त भाव मिळतोच. आमचं रान माळाचं, मुरमाड, तिथली शेंग काळ्या रानातल्या शेंगेपेक्षा स्वच्छ आणि उजळ निघते, काळी माती कशी टरफलाच्या जाळीत घट्ट बसते तसं आमच्याकडे होत नाही. त्यात काढणीपासून वाळवण होईपर्यंत पावसाचा एक थेंब नाही. बाजारापेक्षा चांगला रेट, घरातून उचल, अट एकच, मीटरवर ६० च्या वर आलं पाहिजे, खाली आलं तर प्रत्येक पॉइंटला किलोमागे १ रुपया कपात.

हे ६० म्हणजे काय ते आधी सांगतो. मीटरवर तीन आकडे येतात, एल, ए आणि बी. एल म्हणजे उजळपणा, ६० ची अट त्याचीच, ० म्हणजे काळंकुट्ट आणि १०० म्हणजे पांढरंशुभ्र. ए वाढला की रंग लालसर, बी वाढला की पिवळसर. ही पद्धत १९७६ सालापासून जगभर चालते, कापड, रंग, खाण्याचे पदार्थ सगळीकडे. त्यामुळं मीटरवर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं.

आता त्यानं काय केलं बघा. पोत्यात हात घालून मूठभर शेंगा काढल्या, आणि "काका, माती लागलीय, तुमचंच नुकसान होईल" असं म्हणून ओल्या फडक्यानं एकेक शेंग पुसली. बघणाऱ्याला वाटणार माणूस किती प्रामाणिक आहे. मग एकच शेंग मीटरच्या तोंडाला लावली, बटण दाबलं, ५२. दुसरी लावली, तेवढंच. "पाऊस लागला असणार, शेंग काळी पडलीय" म्हणाला, आम्ही सांगतोय पाऊस झालाच नाही तर म्हणे मशीन खोटं बोलत नाही. टेम्पो दारात उभा, हमाल आलेले, बाकीच्यांची पोती भरून झालेली. ८ रुपये किलोमागे कापले, १४ क्विंटल माल, म्हणजे ११,२०० रुपये उभ्या उभ्या गेले.

बियाण्यासाठी त्याच ढिगातल्या शेंगा आम्ही बाजूला ठेवलेल्या होत्या. माझी भाची फूड टेक्नॉलॉजी शिकतेय, तिनं त्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेल्या आणि सरांसमोर मोजल्या. तिथं आधी मीटर पांढऱ्या टाइलवर लावून सेट करतात, मग काचेची वाटी शेंगांनी गच्च भरून, वाटी फिरवून फिरवून बऱ्याच रीडिंग घेतात आणि सरासरी काढतात. आली ६१. मग तिनं मुद्दाम एकच शेंग मीटरच्या तोंडाला लावली तर ५४, आणि ओल्या फडक्यानं पुसून लावली तर ५१!

सरांनी समजावून सांगितलं ते असं, की शेंग गोल असते, वर जाळी असते, मध्ये कंबर असते, त्यामुळं मीटरचं तोंड तिच्यावर चपखल बसत नाही. मीटर स्वतःचा उजेड टाकतं आणि परत आलेला उजेड मोजतं, फटीतून उजेड बाहेर गेला की तेवढा परत येत नाही आणि मीटरला वाटतं वस्तू गडद आहे. टरफल ओलं झालं की ते तसंही गडद होतं, भिजलेली विट बघा म्हणजे कळेल. म्हणजे मीटर बरोबर, सेटिंग बरोबर, आणि तरी आकडा त्याला पाहिजे तेवढा खाली.

सगळ्यात राग याचा आला की आमच्या गल्लीतल्या एकाला त्यानं पूर्ण रेट दिला, बहुतेक लोकांचा विश्वास बसावा म्हणून, आणि त्याची पोती आणि आमची कपातवाली पोती एकाच टेम्पोत, खूण नाही, चिठ्ठी नाही, एकमेकांवर रचून गेली. कलरप्रमाणे माल वेगळा विकायचा असता तर वेगळा ठेवला असता ना.

बाजार समितीत गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मोजायचं कसं हे कुठं लिहिलंय? पावतीवर फक्त "कलर कमी, कपात" एवढंच आहे. दोघांच्या सहीचं सीलबंद सॅम्पल असतं तर आज पैसे परत मागता आले असते, असं तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं. लॅबचा कागद त्यांनी ठेवून घेतलाय, पण त्या शेंगा त्याच ढिगातल्या होत्या हे तो खरेदीदार मान्य करत नाही.

तर कोणी कलर मोजायला आला तर कोरडी शेंग, वाटीभर शेंगा, टाइल आपल्यासमोर लावायची, रीडिंग आपण सांगू त्या पोत्यातल्या घ्यायच्या, आणि हे सगळं टेम्पो यायच्या आधी कागदावर. सॅम्पलच्या दोन पिशव्या करा, एक त्याला, एक आपल्याकडे, दोन्हीवर दोघांची सही. याला जो तयार होत नाही त्याला माल दाखवू पण नका. माती पुसायचीच असेल तर कोरड्या फडक्यानं, आणि ती आपण पुसायची.

आणि ज्यांच्याकडून त्यानं या सीझनला माल नेलाय त्यांनी "कलर कमी" लिहिलेली पावती फाडू नका, बियाण्याला ठेवलेल्या शेंगा फोडायच्या आधी त्यातल्या किलोभर बाजूला काढून ठेवा. समितीत आमचा अर्ज पडलाय, तसे अजून चार-पाच अर्ज आले तर त्याला बोलावून सगळ्यांसमोर मोजायला लावू असं साहेब म्हणालेत.