क्षाराच्या पाण्याला दोन नटांचा प्रेशर स्विच: घ्या, पण निपल पितळीच लावा

घरच्या बोअरमधून गच्चीवर टाकी न चढवता थेट नळांना पाणी द्यायचं म्हटलं, की मोटारीसोबत छोटा प्रेशर टँक येतो आणि त्याच्या शेजारी पाव इंची आट्यांवर बसणारा प्रेशर स्विच. इथे जो सांगतोय तो साधा मेकॅनिकल स्विच: आत रबरी पडदा, दोन स्प्रिंगा, दोन नट आणि मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटांची जोडी. बहुतेक वेळा तो 1.4 किलोला (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) मोटार चालू, 2.8 किलोला बंद असा लावलेला मिळतो.

मराठवाड्यात या स्विचला एकच शिवी पडते, ‘मोटार बंदच होत नाही’. मग तो काढून नवा लावला जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. स्विच बहुतेक वेळा निर्दोष असतो.

आधी टँकच्या पुढचा, घराकडे जाणारा कॉक बंद करा आणि प्रेशर गेजवर नजर ठेवा. काटा 2.8 ला पोचून मोटार गपकन थांबली, तर पाणी घरातच कुठेतरी वाहतंय. फ्लशच्या टाकीचा वायसर, हौदाचा बॉलकॉक, जनावरांच्या हाळाचा नळ, या क्रमाने बघा. काटा 2.8 च्या पुढे गेला तरी मोटार चालूच राहिली, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या निपलमध्ये, म्हणजे स्विचला लाइनशी जोडणाऱ्या आखूड नळीत. आणि काटा 2.4-2.5 वरच अडकून बसला, तर स्विचला हातही लावू नका. मोटार तेवढं प्रेशर देतच नाहीये.

हे तिसरं दुखणं आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास निघतं. बोअरचं पाणी 10 मीटर खाली गेलं की घराकडे येणारं प्रेशर एक किलोने घटतं. पौषात पाणी 8 मीटरवर असताना जी सबमर्सिबल कॉक बंद करून 3.2 किलो दाखवते, तीच वैशाखात पाणी 15 मीटरवर गेल्यावर 2.5 वर थबकते. स्विच 2.8 ची वाट बघतो, मोटार रात्रभर घुमते. त्यात व्होल्टेज डाऊन असेल तर आणखी घट. मोडलेलं काहीच नसतं. मेन बंद करून टोपी काढा (आत 230 व्होल्ट उघडे असतात, नुसत्या बटणावर विसंबू नका) आणि मोठा नट थोडा-थोडा सैल करत बंदचा आकडा 2.2 वर आणा. मोठा नट दोन्ही आकडे सोबत उतरवतो, त्यामुळे चालूचा आकडा 0.8 च्या आसपास येईल. तळमजल्याला एवढं पुरतं, वरच्या मजल्यावर शॉवर रडतो. छोटा नट फक्त बंदचा आकडा हलवतो. टँकमधली हवाही चालूच्या आकड्यापेक्षा 0.15 किलो कमी लागते, म्हणजे इथे 0.65. ती टँक रिकामा करून, मोटार बंद ठेवून, टायरच्या गेजने मोजायची. पावसाळ्यानंतर सगळं पुन्हा वर चढवा. पाणी पातळी ठीक असूनही काटा अडकत असेल, तर बोअरमधला पाइप गळतोय किंवा पंपाचे इंपेलर (पाणी ढकलणारी चाकं) झिजलेत.

दुसऱ्या दुखण्यात, म्हणजे काटा 2.8 च्या पुढे जाऊनही मोटार चालू राहते तेव्हा, खरा गुन्हेगार निपल. स्विचला प्रेशर कळतं ते त्या बारीक भोकातून, आणि आपल्या पाण्यातले क्षार नेमके तिथेच जमतात. दुकानात सोबत मिळणारा जीआय निपल आतून गंजतो तो वेगळाच. टेफ्लॉनचा सुटलेला तुकडासुद्धा भोक बुजवतो. निपल काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, तारेने भोक मोकळं करा, शक्यतो पितळी निपलच बसवा. गेजही त्याच टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) असेल तर तोही खोटं बोलू शकतो. दोन्ही साफ करा.

निपल मोकळा असूनही मोटार थांबत नसेल, तर पॉइंट चिकटलेत. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि डाऊन व्होल्टेजवर हा झटका जास्त वेळ टिकतो, ठिणगीने पॉइंट जळतात. पॉलिश पेपर मारून दिवस ढकलता येतात, पण वरचा चांदीचा थर गेला की काही खरं नाही, स्विच बदला. दीड एचपी किंवा त्यापुढे मोटार थेट या पॉइंटांवर चालवू नका, मध्ये कॉन्टॅक्टर (मोटारीचा करंट स्वतः झेलणारा जड स्विच) घाला. वायर शिरते त्या भोकाला ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) लावा. पाल आत शिरली की तिचं आणि स्विचचं एकदमच आटोपतं.

मोटार दर मिनिटाला चालू-बंद होत असेल तर तो आजार निराळा: टँकमधली हवा गेली किंवा ब्लॅडर (टँकमधली रबरी पिशवी) फाटला.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घ्यावा का? पाणी संपलं की मोटार बंद करण्याची सोय त्यात असते, ही त्याची मोठी बाजू. पण आतली फ्लोची पट्टी गंज आणि क्षाराने अडकते, तेव्हा तोही मोटार थांबवत नाही आणि घरी खोलून दुरुस्त होत नाही. मेकॅनिकल स्विचला कोरड्या बोअरचं काहीच कळत नाही, ही त्याची एकमेव खरी उणीव. म्हणून आमची शिफारस: हाच स्विच, पितळी निपल, वेगळा ड्राय-रन रिले (बोअर कोरडी पडली की मोटार बंद करणारा) आणि टँकजवळ चार किलोचा सेफ्टी व्हॉल्व्ह. शेवटचे दोन दुकानदार आपणहून देत नाही, मागून घ्यावे लागतात.