प्रतिहल्ल्याचा धाक की स्वतःचा बंदोबस्त?

कार्यालयाच्या संगणक सुरक्षेसाठी हातात पैसा आणि माणसं मोजकीच असतात. ती हल्लेखोराला उलट दणका देण्यावर खर्च करायची की आपली यंत्रणा घट्ट करण्यावर?

धाक निरुपयोगी नाही. जानेवारी २०२१मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेट या घातक सॉफ्टवेअरचे सर्व्हर ताब्यात घेतले. तो नोव्हेंबरात परतला, तरी मधले महिने मोकळे मिळाले. एवढी ताकद मात्र सरकारांकडेच असते.

माझं मत फिरलं ते एकाच अडचणीमुळे: मारायचं कोणाला? लॉगमधला (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदींतला) आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बहुधा तिसऱ्याच कोणाच्या तरी राउटरचा निघतो, आणि त्याच्याही यंत्रात कोणीतरी आधीच घुसलेलं असतं. २०१८च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकवरच्या हल्ल्यात तर उत्तर कोरियाकडे बोट जावं अशा खुणा मुद्दाम पेरल्या होत्या. शिवाय आपल्याकडे दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६खाली गुन्हा आहे. ‘त्याने आधी केलं’ म्हणून सुटका होत नाही.

२७ जून २०१७ला नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. अमेरिका आणि ब्रिटनने रशियाचं नाव जाहीरपणे घेतलं ते फेब्रुवारी २०१८मध्ये, आणि अमेरिकेत आरोप दाखल झाले ऑक्टोबर २०२०मध्ये. नॉटपेट्या ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) मार्च २०१७पासून उपलब्ध होता, पण पॅच लावलेली यंत्रंही पडली, कारण एका यंत्राच्या मेमरीतून उचललेले पासवर्ड शेजारच्या यंत्रांवर चालत होते.

म्हणून आधी प्रत्येक यंत्राचा लोकल अॅडमिन पासवर्ड, म्हणजे त्या यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याचा, वेगळा करा. विंडोजमध्ये त्यासाठी लॅप्स ही सोय आहे. डोमेन अॅडमिनने, म्हणजे सगळ्या नेटवर्कवर अधिकार असलेल्या खात्याने, साध्या पीसीवर लॉगिन करूच नये. मग पीसी-पीसीमधला ४४५ पोर्ट, म्हणजे फाइल आणि प्रिंटर शेअर करण्याची वाट, बंद करा. इथे हमखास गडबड होते: कोणाच्या तरी पीसीवरून शेअर केलेला प्रिंटर किंवा हिशेबाचं फोल्डर बंद पडतं, आरडाओरडा होतो आणि नियम मागे घेतला जातो. त्यामुळे आधी काही दिवस फायरवॉलमध्ये यशस्वी जोडण्यांची नोंद ठेवा, अशी शेअर सर्व्हरवर हलवा, नंतरच पोर्ट बंद करा.

बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी आणि तीत डोमेन कंट्रोलरही, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारा सर्व्हरही, हवा. मर्स्कला शाबूत कंट्रोलर घानातल्या कार्यालयात सापडला, तोही हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती म्हणून.

हल्ला झालाच तर ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं आणि १८० दिवसांचे लॉग जपून ठेवणं बंधनकारक आहे. धाक बसवणाऱ्या सरकारांना आपली खरी मदत होते ती याच नोंदींची, म्हणून लॉग वेगळ्या सर्व्हरवर पाठवा. हल्लेखोर अनेकदा तेच पुसतो.